न धुतलेलं कलम

पापुद्रा पोहला. एवढंच झालं, आणि मी हातातली नळी पोवळ्यांच्या काचेच्या टाकीच्या कडेवर ठेवून हार्मच्या खुर्चीत बसले. ही नळी मुळात ओव्हनमध्ये भाजत असलेल्या बदकावर रस सोडण्यासाठी असते. एका टोकाला रबरी फुगा आणि पुढे लांब तोंड. आमच्या घरी मात्र तिनं कधी बदक पाहिलं नाही. तिनं पोवळ्यांवर बसलेला गाळ फुंकून उडवायचा, हे माझ्या नवऱ्याचं, हार्मचं, सकाळचं काम होतं. हार्म गेला आणि ते माझ्याकडे आलं, जसे दाराआडचे त्याचे रबरी बूट आले, त्याच्या नावानं येणारी मासिकं आली. मी ते करत राहिले, कारण करायचं नाही असं ठरवायलासुद्धा अंगात काही जोर लागतो. त्या सकाळी निळ्या पोवळ्याच्या खालच्या फांदीवर मी फुंकर सोडली आणि तिळाएवढा एक पापुद्रा सुटला. मेलेली कातडी असेल, असं मला वाटलं. तो खाली पडायला लागला. मग पडता पडता त्यानं आपली कड झालरीसारखी हलवली, वळला, आणि ज्या फांदीवरून सुटला होता तिच्याकडे परत पोहत गेला. फांदीला टेकला आणि दिसेनासा झाला.

तो काय आहे, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. बंदराजवळच्या खानावळीच्या मागच्या खोलीत घरी पोवळी पाळणाऱ्या टाकीवाल्यांची महिन्याची बैठक असायची. हार्मबरोबर मीही जायची, विणकाम घेऊन. तिथे पुरुष पंपांवर आणि मिठावर तावातावानं बोलायचे, पण या चपट्या किड्याचा विषय निघाला की आवाज खाली यायचा, जसा माझ्या लहानपणी आईच्या स्वयंपाकघरात क्षयाचं नाव निघाल्यावर यायचा. मी टाके मोजत सगळं ऐकायची. ऐकलेलं कुठे जाऊन बसतं कोण जाणे. आज त्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची वाक्यंच्या वाक्यं आठवली, त्यांच्या बिअरच्या वासासकट.

मी आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात काम केलं. डेल्फ्टच्या, म्हणजे गावातल्या जुन्या बंदराच्या कडेला, जिथून जुनी दीपनौका दिसते तिथे. भिंगं घासायची, फ्रेममध्ये बसवायची, आणि एम्डनमधल्या निम्म्या नाकांची मापं मला पाठ होती. डोळ्याला लावायचं घड्याळजींचं भिंग अजून माझ्याकडे आहे. ते लावून मी काचेला कपाळ टेकवलं. आधी काहीच दिसलं नाही. मग फांदीच्या निळ्या कातडीवर फिकट गोल ठिपके दिसले, एकाशेजारी एक, कुणी ओल्या बोटानं शाई टिपून घ्यावी तसे. जिथे ठिपके संपत होते तिथे तो होता. त्याला स्वतःचा रंगच नव्हता. अंग काचेसारखं आणि आत त्यानं खाल्लेलं निळं. ज्याचं खाल्लं त्याच्याच रंगाचा होऊन तो त्याच्यावर पसरला होता, आणि कडेची हालचाल झाली नसती तर भिंगातूनसुद्धा तो मला पोवळंच वाटला असता. मी भिंग काढलं. डोळ्याभोवती त्याची गोल खूण उमटली असणार, दुकानात असताना संध्याकाळपर्यंत ती माझ्या चेहऱ्यावर असायची आणि हार्म म्हणायचा, "आली माझी चाच्यांची राणी." मग एकदम फार दमल्यासारखं झालं. भीती वगैरे नाही. नुसता थकवा, गुडघ्यांपासून वर येणारा, पाणी चढावं तसा.

हार्म एम्स नदीतला गाळ काढणाऱ्या जहाजावर यंत्रं सांभाळायचा. आठवडाभर चिखल. बंदराच्या तोंडाशी साचलेला चिखल उपसायचा, समुद्रात नेऊन टाकायचा, आणि भरतीबरोबर तो परत यायचा. बहुतेक तोच चिखल असेल, मी म्हणायची. "तोच असतो," तो म्हणायचा, "आम्ही ओळखतो एकमेकांना." त्याच्या कानांच्या मागे, नखांच्या कडांना करडा रंग कायमचा बसला होता. शुक्रवारी घरी आला की अंघोळ करून या खुर्चीत बसायचा आणि काचेपलीकडचं स्वच्छ पाणी बघत राहायचा. बोलायचा नाही. पहिल्या वर्षांत मला त्या पाण्याचा मत्सर वाटायचा. तरुणपणी माणूस कशाकशाचा मत्सर करतं! नंतर मीही शेजारी दुसरी खुर्ची आणली. गरम समुद्र त्यानं कधी पाहिला नाही. आमची मुलगी इम्के हिनं त्याच्या सत्तरीला तांबड्या समुद्राची सहल काढून दिली होती, तर यानं तिकिटं परत करायला लावली. "तिकडे जाऊन पोवळी बघत बसलो तर इथल्या पोवळ्यांचं तापमान कोण बघणार?" इम्के रडली होती. त्याला कळलंच नाही ती का रडते.

आणि या सगळ्या टाकीत निळं पोवळं म्हणजे त्याचा अभिमान. एका दगडावरून वाढत वाढत ते मागच्या काचेला जाऊन चिकटलं होतं, हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, टोकं जवळजवळ जांभळी. बैठकीतल्या प्रत्येकाला त्यानं त्याचं एकेक कलम दिलं होतं, पण जगलं ते फक्त एन्नोकडे. ही त्या लोकांची रीत आहे. आपल्याकडचं चांगलं पोवळं विकायचं नाही, फांदी तोडून कलम द्यायचं. घेणारा ते वाढवतो, आणि देणाऱ्याच्या टाकीला कधी काही झालं, पंप बंद पडला, उन्हाळ्यात पाणी तापलं, तर त्याच कलमाची फांदी परत येते. "आपलं पोवळं आपल्या टाकीत कधीच सुरक्षित नसतं," हार्म म्हणायचा, "ते सुरक्षित असतं ते एन्नोच्या टाकीत." आणि बाहेरून काहीही आणलं, दुकानातून, जत्रेतून, की आधी औषधाच्या पाण्यात बुडवून धुवायचं, हा दुसरा नियम. तो इतका पक्का होता की हार्म एकदा दुकानातून आणलेला साधा दगडसुद्धा रात्रभर बादलीत ठेवून माझ्या अंघोळीच्या आड आला होता. पण मित्राचं कलम कुणी धुवायचं नाही. ते मी कधी पाहिलं नाही. मित्रानं दिलेलं पोवळं त्याच्यासमोर औषधात बुडवणं म्हणजे घरी आलेल्या माणसाचे हात नाकाशी नेऊन हुंगण्यासारखं.

एन्नो म्हणजे हार्मचा शाळेपासूनचा मित्र, गोदीत क्रेन चालवायचा. हार्मच्या दफनानंतर सगळे घरी चहाला आले होते. मनुक्यांचा पाव, लोणी, आणि शेजारणींनी आणलेले कप, कारण आमचे पुरले नाहीत. सगळ्यांनी फुलं आणली होती. एन्नो मात्र काळ्या कोटाच्या आत हात घालून दारात उभा होता, छातीत दुखत असल्यासारखा. मी घाबरले. त्यानं कोटाच्या आतून काचेची बरणी काढली. गार पडू नये म्हणून पोटाशी धरून आणलेली. तिच्यात बोटाएवढी निळी फांदी. "त्याचंच आहे," तो म्हणाला. "त्यानं दिलं होतं. मी परत आणलं." एन्नोनं कोट काढला, शर्टाची बाही वर केली, आणि कोपरापर्यंत हात घालून ती फांदी मोठ्या पोवळ्याच्या शेजारी दगडाच्या फटीत खोचली. त्याच्या कोपरावरून खारं पाणी गालिच्यावर ठिबकत होतं. मला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं, चर्चमध्ये आलं नव्हतं. बैठकीतले सहा-सात जण तिथे होते, सगळे जाणकार, आणि कुणाच्याही मनात औषधाच्या पाण्याचा विचार आला नाही. कसा येईल?

मी एन्नोला फोन केला तो दुपारी. सकाळभर केला नाही. काय सांगायचं आणि काय नाही, ते मनात मांडत राहिले. ज्या फांदीवर ठिपके सर्वांत जास्त होते ती त्यानं आणलेली फांदी होती. जवळजवळ सगळी पांढरी झाली होती ती, आणि मी इतके महिने समजत होते की तिला जागा मानवली नाही. हे त्याला सांगायचं नाही, एवढं ठरवलं. "टाकीत काहीतरी झालंय, येऊन बघ," इतकंच म्हणाले.

"मॉइन," असा आमच्याकडचा रामराम करत तो आला, भिंतीला हात लावत लावत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला घाबरतो, आणि घाबरत नाही असं दाखवण्यासाठी डॉक्टरांना शिव्या देतो. मी चहा केला. आमच्याकडे कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा, मग त्यावर उकळता चहा, की खडा तडतडतो, मग कडेनं साय. ढवळायचं नाही. एन्नोनं कप कानाशी नेला, तडतड ऐकली आणि मान डोलावली.

"बोल. कोण मेलं?"

"अजून कुणी नाही. निळ्याला चपटा किडा लागलाय."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मी आणलेल्या फांदीवर बघितलंस?"

"सगळीकडेच आहेत."

"थेडा, मी आंधळा आहे, बहिरा नाही. सगळ्यांत जास्त कुठेत?"

मी चहा पीत राहिले.

"झालं तर मग," एन्नो म्हणाला. "माझंसुद्धा निळं फिकट पडलंय. मला वाटलं, डोळे. हल्ली सगळंच फिकट दिसतं. तूसुद्धा."

"मी खरोखरच फिकट झालेय."

"तसं मी म्हणणार नव्हतो." त्यानं रुमाल काढून नाक शिंकरलं, लागलं त्यापेक्षा जास्त वेळ. "वसंतात एक हिरवं घेतलं होतं मी, जत्रेतल्या त्या हॉलंडवाल्याकडून. धुतलं होतं. देवाशपथ धुतलं होतं. पण अंडी धुऊन जात नाहीत, थेडा. किडे पडतात, अंडी राहतात, बुडाशी, जिथे कातडी नसते तिथे. ती हातानं काढायची. आणि ती दिसायला डोळे लागतात."

मग त्यानं मला काय करायचं ते सांगितलं, जे मला ठाऊकच होतं. टाकीत औषध घालून उपयोग नाही. पोवळं बाहेर काढायचं. दगडावर वाढलेलं म्हणजे फोडायचं. फांद्या कापून घ्यायच्या, बुडखा टाकून द्यायचा, आणि उरलेले तुकडे वेगळ्या पाण्यात ठेवून दर आठवड्याला बुडवायचे, अंड्यांतून निघतील ते संपेपर्यंत. मोठ्या टाकीत तोवर या जातीचं एक टोकसुद्धा राहता कामा नये, म्हणजे मागे राहिलेले उपाशी मरतील.

"हार्म म्हणायचा, मोठं झालेलं हलवायचं नाही."

"हार्म दरवर्षी म्हणायचा, यंदा फुटबॉलमध्ये ब्रेमेन जिंकणार."

"एन्नो."

"मी फोडलं असतं गं. पण माझ्या हातात छिन्नी दिलीस तर टाकी फुटेल. आणि खालच्या मजल्यावरच्या बाई तुला सोडणार नाहीत."

त्यानंतर मी काहीच केलं नाही. लोकांना वाटतं, म्हातारी माणसं शांतपणे विचार करतात. मी विचारसुद्धा केला नाही. सकाळी नळी घेऊन उभी राहायची, फुंकर सोडायची, पापुद्रे उडायचे आणि पोहत परत यायचे. एकदा त्यातला एक मी नळीत ओढून पकडला आणि बशीत सोडला. पांढऱ्या बशीत तो एकदम उघडा पडला, निळा, लाजिरवाणा. कडा हलवत तो बशीच्या काठाकाठानं फिरत राहिला, निळं शोधत. मी बघत राहिले. मला वाटलं, हे वाईट नाही, हे फक्त जेवतंय. मग वाटलं, इतकी वर्षं मीही या घरात काय केलं? हार्मला आवडायचं तेच जेवले. शनिवारी फुटबॉल ऐकला. मला मुळात नाचायला आवडायचं, माहेरी नॉर्डनला होते तेव्हा दर रविवारी जायची. हार्म नाचत नसे म्हणून मलाही आवडेनासं झालं, आणि नंतर कुणी विचारलं तर मी खरं समजूनच सांगायची की मला नाच आवडत नाही. हे निळं पोवळं मला आवडतं का? का ते हार्मचं आहे म्हणून मी त्याच्यासमोर उभी राहते? मला बशीत काढून ठेवलं तर माझा रंग कुठला दिसेल? असले विचार चांगले नाहीत. मी बशी नळाखाली धरली.

इम्केचा फोन दर रविवारी येतो, ओल्डेनबुर्गहून. तिच्या घराजवळ एक फ्लॅट रिकामा होणार होता, लिफ्ट असलेला, अंघोळीला कठडे असलेला. "पण आई, टाकी तिथे चालणार नाही. घरमालक घेत नाहीत, इतकं पाणी."

"माहीत आहे."

"बाबांची म्हणून तुला वाटतं, ते मला कळतं. पण तू बादल्या उचलतेस. या वयात. पडलीस तर?"

"निळ्याला किडे लागलेत," मी म्हणाले.

ती जपून म्हणाली, "मग कदाचित... कदाचित तेच बरं नाही का? म्हणजे, आपोआपच..."

तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या जागी मीही हेच म्हणाले असते. आपोआप. हा शब्द फोन ठेवल्यावरही खोलीत राहिला. काही न करता नुसतं फुंकर मारत राहिलं तर हिवाळा संपेपर्यंत ते पांढरं होईल, मग तपकिरी शेवाळ चढेल, मग टाकी काढायला कुणाची हरकत उरणार नाही, माझीसुद्धा नाही. हार्म आपोआप गेला. तपासायला जायचं आज, उद्या, टाकीचा पंप दुरुस्त झाला की, असं करता करता. मी त्या खुर्चीत बसून होते आणि पंपाचा आवाज ऐकत होते. तो आवाज इतका सवयीचा आहे की एरवी ऐकू येत नाही. त्या दिवशी तो ऐकू आला आणि थांबला तर कसं वाटेल, तेही ऐकू आलं. मी उठले आणि एन्नोला फोन केला. "मंगळवारी ये. चहा आहे, आणि काम आहे."

मंगळवारी बाहेर धुकं होतं. बंदरातली मोटारी वाहून नेणारी जहाजं भोंगे देत होती. एन्नोनं स्वयंपाकघरात टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरली, वाडगी मांडली, बादलीतल्या खाऱ्या पाण्यात आयोडीन घातलं. पाणी चहाच्या रंगाचं झालं. मी स्टुलावर चढून हात खांद्यापर्यंत टाकीत घातला. पाणी कोमट असतं, अंगाच्या उबेला जरा कमी. आत हात गेला की तो आपला राहत नाही, मोठा आणि पांढरा दिसतो. हार्मची छिन्नी मी पोवळ्याच्या मानेला लावली आणि वरून हातोडीनं टोला दिला.

"लागला?" एन्नो आतून ओरडला.

"नाही."

"जरा रागावून मार. माझ्यावर रागाव."

दुसऱ्या टोल्याला ते तडतडलं. अगदी तस्साच आवाज, चहा ओतल्यावर खडीसाखर तडकते तसा, फक्त पाण्याखालून आलेला आणि हातातून हाडापर्यंत गेलेला. मी थांबले. एन्नोनंही ऐकलं असणार. मग मी थांबले नाही. फांद्या सुटत गेल्या. हवेत आल्या की त्यांच्यावर चिकट लाळ सुटायची आणि ओहोटीच्या किनाऱ्यासारखा वास यायचा. मी एकेक आत नेऊन द्यायची आणि एन्नो औषधात धरून नळीनं धुवायचा, डोळ्यांनी नाही, बोटांनी फांदी चाचपत. वाडग्याच्या तळाशी किडे पडत होते. मी भिंग लावून पाहिलं. नुसता निळा भुसा.

"किती?" त्यानं विचारलं.

"विचारू नकोस."

शेवटी बुडखा राहिला. तो दगडासकट काढावा लागला, आणि तो मी दोन्ही हातांनी छातीशी धरून स्वयंपाकघरात आणला, ब्लाऊज भिजवत. खालच्या बाजूनं पोवळं कधीच मेलं होतं, उघडं पांढरं हाड, आणि त्याच्यावर तांबूस दाण्यांचे पुंजके. अंडी. मी पक्कड लावून हाडाची एक कपची मोडली तशी आतून दुसरंच काही दिसलं. राखाडी लांबी, पुट्टीसारखी. दगडाला पोवळं चिकटवायची, दोन रंगांची मळून घ्यायची लांबी. सुरुवातीचं, नखाएवढं कलम ज्या गोळ्यात खोचलं होतं तो गोळा. सगळं पोवळं त्याच्यावरून वाढून गेलं होतं. आणि गोळ्यावर अंगठ्याचा ठसा होता, दाबलेला, रेघांसकट.

इतक्या महिन्यांत घरातली त्याच्या हाताची प्रत्येक खूण पुसली गेली होती, दाराच्या मुठीवरची, रेडिओच्या बटणावरची. मीच पुसल्या, मी स्वच्छ बाई आहे. मी हात कोरडा केला आणि माझा अंगठा त्यावर ठेवला. हार्मचा अंगठा रुंद होता, यंत्रात सापडून चपटा झालेला. माझा त्यात हरवेल असं मला वाटलं होतं.

माझा अंगठा त्यात नेमका बसला.

मी भिंग लावलं. डाव्या बाजूला एक तिरकी चीर होती, रेघा कापत गेलेली. तीच माझ्या अंगठ्यावर आहे. शिकाऊ असताना भिंग घासताना काच फुटली होती, तिची. मग सगळं आलं, एकदम नाही, चिखलातून वर यावं तसं. तो हिवाळा. थंडीनं आणि मिठानं हार्मच्या बोटांना भेगा पडलेल्या, रक्त येत होतं. लांबी भेगांत गेली की आग होते. तो टाकीसमोर गुडघ्यांवर, आणि मी स्वयंपाकघरातून बटाटे सोलत सोलत आलेली, हाताला सालं चिकटलेली. "तू दाब," तो म्हणाला. "अगं दाब, तो काय चावतोय तुला?" मी दाबलं. खाली दगड होता, वर ते नखाएवढं निळं. "जोरात," तो म्हणाला. मग मी हात धुऊन बटाट्यांकडे गेले, आणि ते इतकं किरकोळ होतं की मी विसरले. त्यालाही सांगावंसं वाटलं नसेल. बैठकीत तो नेहमी म्हणायचा, "लावलं तेव्हा नखाएवढं होतं." कुणी लावलं ते कधी म्हणाला नव्हता, मीच ऐकताना भर घालत होते.

"काय झालं?" एन्नोनं विचारलं. "गप्प का?"

"अंडी आहेत."

"मग उकळतं पाणी घाल. ब्रश लावून भागत नाही."

किटलीत चहाचं दुसरं पाणी उकळत होतं. मी बुडखा मोरीत ठेवला आणि किटली घेतली. कपची मोडताना ठशाच्या रेघांतसुद्धा दोन-तीन दाणे सांडले होते. तिथेही ओतलं. दाणे पांढरे पडले. वाफ चेहऱ्यावर आली, समुद्राच्या आणि जळलेल्या केसांच्या वासाची. दात घासायच्या जुन्या ब्रशनं मी तो ठसा घासला, रेघेत रेघ, आपलीच बोटं घासावीत तसा. मग किटली पुन्हा भरून ठेवली.

त्यानंतरचा हिवाळा आठवायला नको वाटतं. इम्केच्या जुन्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारी, हार्मचं छोटं काचेचं भांडं मांडलं आणि त्यात ते तुकडे. दर आठवड्याला बाहेर काढायचे, चहाच्या रंगाच्या पाण्यात बुडवायचे, नळीनं फुंकायचे, भिंग लावायचं. कंबर मोडून जायची. सुरुवातीला दर वेळी काही ना काही पडायचं. कितीतरी तुकडे औषधानंच पांढरे झाले, दोनदा मी भांड्यातलं पाणी तापवणारी कांडी लावायला विसरले, ते वेगळे गेले. मोठी टाकी दिवाणखान्यात मधोमध उघडी पडली होती, उरलेली मऊ पोवळी डुलत होती आणि मागच्या काचेवर जिथे निळं चिकटलं होतं तिथे त्याच्या बुडाचा पांढरा डाग. एन्नोनं आपली सगळी फांद्यांची पोवळी बादलीत काढून अंगणातल्या थंडीत किड्यांसकट मरायला ठेवून दिली, फोनवर सांगताना म्हणाला, "मांजरसुद्धा बघेना त्यांच्याकडे." ओल्डेनबुर्गच्या फ्लॅटमध्ये दुसरं कुणी राहायला आलं. इम्के म्हणाली, दुसरा निघेल. मी म्हणाले, निघेल.

ईस्टर होऊन गेल्यावर एन्नो आला. या वेळी भिंतीला हात न लावता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दारातच थांबून त्यानं मला नीट पाहिलं.

"अरे देवा, थेडा. तू म्हातारी झालीस की."

"दुसरा डोळा करू नकोस, मग."

तो माझ्यामागून इम्केच्या खोलीत आला आणि भांड्यासमोर वाकून बसला. उरलेले तुकडे एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते. पण टोकांना जांभळं परत आलं होतं, आणि एका तुकड्याची कातडी खालच्या चकतीवर उतरून पसरायला लागली होती. मी एक तुकडा चिमट्यानं उचलला, त्यातला सर्वांत चांगला नाही आणि वाईटही नाही, आणि स्वयंपाकघरात घेऊन गेले.

"हे तुझ्यासाठी."

"मी मागितलं नव्हतं."

"तुझी टाकी रिकामी आहे ना? मग." मी पांढऱ्या वाडग्यात पाणी घेतलं, आयोडीनचे थेंब सोडले.

एन्नोचा चेहरा पडला. "ते काय करतेस? माझ्यासमोर? हार्मचं पोवळं आहे ते, थेडा."

"माझं आहे," मी म्हणाले. "मी लावलं होतं."

त्यानं आपला नवा डोळा माझ्यावर रोखला. मी थट्टा करत नाही, हे त्याला दिसलं असावं. हल्ली त्याला बरंच दिसतं. त्यानं खुर्ची ओढली आणि बाही वर केली.

"मग तर प्रश्नच मिटला. आण इकडे, मी फुंकतो."

त्यानं तुकडा बुडवून धरला आणि नळीचा फुगा दाबला, एकदा, पुन्हा, फिरवून पुन्हा. मी भिंग डोळ्याला लावलं. पाणी ढवळलं, बसलं. आणि वाडग्याच्या तळाशी एक ठिपका होता. तिळाएवढा.

एन्नोला तो दिसत होता, त्याचा हात थांबला होता. मी वाडग्यावर इतकी वाकले की माझा श्वास पाण्यावर उमटला. ठिपका हलला, पण तो माझ्या श्वासानं हलला असेल. आम्ही वाट पाहिली. कपातला चहा निवला, सायीवर कातडी धरली. मी नळीच्या टोकानं ठिपक्याला हळूच ढकललं. तो गोल फिरला, फुगला, आणि विरघळून गेला.

"पाव," मी म्हणाले. "तुझ्या बाहीवरचा पाव आहे तो."

"शेजारणीकडे खाल्ला," एन्नो म्हणाला. "सकाळी."

मग तो हसायला लागला, आणि त्याचं हसणं खोकल्यात गेलं, आणि मला त्याच्या पाठीवर थापटावं लागलं. तुकडा मी बरणीत घातला, वर खारं पाणी भरलं, झाकण लावलं. त्यानं ती कोटाच्या आत पोटाशी धरली, गार पडू नये म्हणून, आणि जिना उतरायला लागला. मी दारात उभी राहून त्याची पावलं ऐकत होते, एकेक पायरी. खालचं दार लागलं तेव्हा आत आले आणि मोठ्या टाकीत पाणी भरायला बादली उचलली.